काढायला सांगितलेला परिच्छेद

लोह्याजवळच्या आमच्या गावातून सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "लेकराच्या साळंसाठी चाललाव, जा. इथं लई काय सोडून चाललाव असं बी न्हाई." खरंच होतं. आमची बौद्धवस्ती गावाबाहेर. शहरात असलं काही नसतं, अशी माझी समजूत.

लातुरात पाच घरं पाहिली. मी पाण्याची वेळ विचारायचो, मालक आडनाव. ते ऐकलं की रिकामं घर लगेच कुणा पाहुण्यासाठी राखलेलं निघायचं. सहाव्या मालकानं विचारलंच नाही, म्हणून छप्पर मिळालं.

यंदा मुलगी दहावीत. एका संस्थेनं देशभक्तीपर निबंधस्पर्धा ठेवली. पहिल्याला अकरावी-बारावीची शिष्यवृत्ती. इथं क्लासवाले असे निबंध लिहूनच देतात आणि पोरं पाठ करतात. हिनं स्वतः लिहिला. शाळेत झेंड्याची दोरी ओढायला मिळाली, त्याचा आनंद लिहिला आणि एक परिच्छेद त्या पाच घरांवर. पुढं लिहिलं, 'देश माझा आहे, म्हणून त्याची चूक मीच सांगणार.'

संयोजकांनी मला बोलावलं. "निबंध एक नंबर आहे. फक्त घरांचा परिच्छेद काढा. देशभक्तीत असलं रडगाणं कशाला?"

मी गुणपत्रक मागितलं. विषय, भाषा, मांडणी, अक्षर असे चार रकाने. चारही ठिकाणी हिचेच गुण वर.

"यात रडगाण्याचा रकाना कुठाय, साहेब?"

"तुम्ही लई हिशोबी बुवा!" ते हसले.

व्हय, हिशोबी आहे. नियम आधी छापायचा असतो, निकाल लागल्यावर नाही.

घरी बायको मुलीला म्हणाली, "काढ ना बाई. दोन वर्षांची फी सुटते. एक परिच्छेदच तर हाय."

"आई, तेवढाच तर माझा आहे. बाकीचं सगळ्यांनीच लिहिलंय."

तिनं काढला नाही. शिष्यवृत्ती पाठ केलेल्या निबंधाला गेली. त्या मुलाचा दोष नाही, त्याच्यासाठी टाळ्या मीही वाजवल्या. पण ज्यांनी घर नाकारलं त्यांना कुणी देशभक्ती शिकवत नाही, आणि जिला नाकारलं तिला गप्प बसायला शिकवतात, हे मला पटत नाही.

गावाकडच्यांनो, फोनवर विचारता ना, लातुरात घर झालं का म्हणून? रविवारी दाराला पाटी लावली, आडनावासकट. अक्षर मुलीचं.

"मालकाला विचारलंत का?" बायको म्हणाली.

नाही विचारलं. काढा म्हणाले तर खोल्या सोडू, पाटी सोबत नेऊ. ज्या दारावर ती टिकेल, त्याला घर म्हणू.