सदर जिना वापरण्यास अडचण नाही

"पोतं आलं का वर? टाका तिकडं कोपऱ्यात."

चौथीचे गुरुजी रोज सकाळी हे वाक्य बोलत. पोतं म्हणजे मी.

शाळा सोलापुरात, चौथीचा वर्ग माडीवर. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला होता. डावा पाय पूर्ण गेला, उजवा अर्धा. वर्गातली दोन मुलं मला उचलून जिन्यावरून न्यायची. एक काखेत हात घालायचा, दुसरा पाय धरायचा. वर्ग हसायचा. मीही हसायचो. हसलं की लवकर संपायचं.

एक दिवस शाळेची तपासणी होती. साहेब येणार होते. गुरुजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते त्या दोघांना म्हणाले, "आज पोतं खालीच राहू दे. वर्ग नीटनेटका दिसला पाहिजे."

मुलांनी मला पाण्याच्या टाकीजवळ ठेवलं आणि वर पळाली. वरून कविता ऐकू येत होती. ती मला पूर्ण पाठ होती. अकराच्या सुमारास लघवीला लागली. मुतारी पटांगणाच्या पलीकडे. हाक मारायची तर वर तपासणी चालू. मी धरून ठेवली. मग धरता आली नाही. चड्डी ओली, फरशी ओली. शाळा सुटेपर्यंत तिथंच बसलो. सुटल्यावर सगळी शाळा माझ्या शेजारून गेली. साहेबही गेले. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी आईने मला सोडलं. मी तिला फाटकातूनच परत पाठवलं. जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसलो. हात मागच्या पायरीवर टेकले, अंग उचललं, वर ठेवलं. असं एकोणीस वेळा. ती दोन मुलं आली तेव्हा मी पहिल्या बाकावर होतो.

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

महिन्याभरात चड्डी बुडाखाली फाटली. आईने जुन्या चादरीचा तुकडा आतून शिवला. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बसवलं आणि शाळेला सांगितलं, "याला म्हणतात स्वावलंबन." टाळ्या झाल्या. चौथीचा वर्ग खाली आणा, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

इथवरची हकीकत मी पुष्कळदा सांगितली आहे. लोकांना ती आवडते. पुढची सांगितलेली नाही.

शहरातल्या एका महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. कार्यालय पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. रोज सकाळी सात रस्ता चौकात रिक्षा बदलून साडेदहाच्या आधी पोचतो. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात कुबडी, डावा पाय ओढत सहा मिनिटांत वर. वर गेल्यावर लोखंडी कपाटामागे उभा राहायचो. फाईल शोधतोय असं दाखवायचो. खरं तर छाती भरून आलेली असायची. चार-पाच मिनिटं तोंडातून शब्द निघत नसे. हे कुणाला कळू नये याची मी काळजी घेत होतो.

नरसय्या हे आमचे शिपाई. वयाने माझ्याहून मोठे. रोज सकाळी माझी पिशवी आणि पाण्याची बाटली ते वर न्यायचे. मी कधी न्या म्हटलं नाही. ते कधी विचारत नसत. त्यामुळे ही मदत मी मदतीत धरली नव्हती. कुणी विचारलं तर मी सांगायचो, कुणाचा आधार घेत नाही.

एकदा एका प्राध्यापक बाईंनी विनंती केली. दिवस भरत आले होते. त्यांचं म्हणणं इतकंच की सहीचं हजेरीपत्रक तेवढे दिवस खाली ठेवावं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हणालो, "मॅडम, मी चढतो की."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे लिहायला आज जड जातं, पण बरं वाटलं होतं.

मग सारिका आली. गाव केम, घरची शेती, बारावीला तालुक्यात चांगले गुण. चाकाच्या खुर्चीतून. कमरेखाली बळ नाही. सोलापुरात मावशीकडे राहून बी.कॉम. करणार. आई सोबत आलेली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे चव्वेचाळीस पायऱ्या. आई खुर्ची खाली ठेवायची, मुलीला पाठीवर घ्यायची आणि चढायची. वर्ग सुटेपर्यंत पटांगणातल्या लिंबाखाली बसून राहायची. बाई हडकुळी. पहिल्या दिवशी कार्यालयात टेकली तेव्हा मला म्हणाली, "सायेब, तुमी रोज चढता म्हनं. लई धीर आला बगा तुमास्नी बघून."

एका विद्यार्थ्याने मायलेकींचा चढतानाचा व्हिडिओ काढला. त्याला गाणं लावलं. प्राचार्यांनी तो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली जोडलेले हात. सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला.

आठवड्याने सारिकाने अर्ज दिला. एका ओळीचा. प्रथम वर्ष वाणिज्यचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा. तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एकीत मोडकी बाकं, दुसरीत पाहुण्यांसाठी सोफा. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

प्राचार्यांनी मला बोलावलं.

"एका मुलीसाठी सगळा वर्ग हलवायचा? उद्या प्रत्येकजण मागेल. तुमच्यासारखी जिद्द पाहिजे मुलांत. तुम्हीच अभिप्राय लिहा. तुम्ही लिहिलंत की कुणी तोंड उघडणार नाही."

मी तिथंच, त्यांच्या टेबलावर लिहिलं:

"अधोस्वाक्षरीकर्ता स्वतः दिव्यांग असून अनेक वर्षे सदर जिन्याचा नियमित वापर करीत आहे. सदर जिना वापरण्यास अडचण नाही. वर्ग स्थलांतराची आवश्यकता वाटत नाही."

खाली सही. शिक्का.

असंच लिहा म्हणून कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीला धोका नव्हता. मी का लिहिलं, हे शोधायला मला वेळ लागला. एका अर्जावर वर्ग खाली येत असेल तर चौथीतल्या त्या पोराने हात सोलून घ्यायची गरज नव्हती. ज्या जिद्दीवर मी आयुष्य उभं केलं ती निव्वळ दुसऱ्यांची सोय होती. हे मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी मुलीचा अर्ज मारला.

अर्जाच्या उत्तरासोबत अभिप्रायाची प्रत सारिकाला मिळाली. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीत बसून माझी वाट पाहत होती. हातात प्रत होती. आवाज चढवला नाही.

"सर, तुम्ही पहिल्या मजल्यापर्यंत जाता. माझा वर्ग दुसऱ्यावर हाय. हे लिहिलं न्हाय तुम्ही."

मी कठड्याला हात घातला.

"शेवटचं दुसऱ्या मजल्यावर कधी गेला होता?"

आठवत नव्हतं. काही वर्षं झाली होती.

"मी कार्यालयात बाकावर बसले होते तेव्हा तुम्ही वर आलात आणि कपाटामागं गेलात. मला तिथनं दिसत होतं. हात फायलीवर नव्हता, छातीवर होता. हेबी लिहिलं न्हाय."

"सारिका, सवलत मागायची सवय लागली की..."

"सवलत कुटं मागितली? वर्ग मागितला." ती खुर्ची वळवत म्हणाली. "तुम्हाला जमतं म्हणून मला जमलं पाहिजे, आणि मला जमलं की माझ्या मागून येईल तिलाबी. असंच न्हवं?"

तिची आई मध्ये पडली. "आगं, मोठ्या मानसासंगं आसं बोलत्यात व्हय?" मग मुलीला पाठीवर घेऊन चढू लागली. त्यांच्या मागून मीही चढलो. त्या दिवशी मला नऊ मिनिटं लागली.

पुढच्याच आठवड्यात आईचा पाय दुसऱ्या वळणावर घसरला. मुलगी अंगावर पडू नये म्हणून तिने हात खाली टेकला. मनगट मोडलं. सारिकाला खरचटलं. प्राचार्य धावत आले, गाडी काढून दिली. परत येऊन म्हणाले, "चपला बघा कसल्या घालतात."

मी "हो" म्हणालो.

महिनाही भरला नव्हता. सारिका मावशीसोबत दाखला काढायला आली. दाखला मीच तयार करतो. त्यात एक रकाना असतो, सोडण्याचं कारण. मी लिहिलं, "पालकांच्या विनंतीवरून." बहुतेक दाखल्यांवर हेच लिहितात. रजिस्टरवर विद्यार्थ्याची सही लागते. सारिका खाली होती. प्राचार्यांनी नरसय्यांना सांगितलं, रजिस्टर खाली न्या.

नरसय्या रजिस्टर काखेत मारून माझ्या टेबलापाशी थांबले. म्हणाले, "जायाच्या टायमाला बरं खाली येतंय की सायेब, कार्यालय."

मी खिडकीतून पाहिलं. तिने सही केली. दाखला दोनदा वाचला. वर पाहिलं नाही.

डिसेंबरात महाविद्यालयाने माझा सत्कार ठरवला. स्वावलंबनाचा आदर्श म्हणून. जागा दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह. नवी पेठेतून शाल आणली होती. मी पोचलो तेव्हा जिन्याच्या दोन्ही बाजूंना मुलं मोबाइल धरून उभी होती. त्यांना माझं चढणं टिपायचं होतं. नरसय्यांनी माझी पिशवी घेतली.

"राहू द्या," मी म्हणालो. "मी नेतो."

नरसय्या हसले. "आज? आज फोटो हाय म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोज काय पिशवी सोताच चढतंय वाटलं का तुमाला?"

त्या वाक्याने मी थांबलो. पहिल्या पायरीवर ठेवलेली कुबडी खाली घेतली. भिंतीजवळ नरसय्यांचं स्टूल होतं, त्यावर बसलो.

प्राचार्य वळणावर आले. "या, चढा की! सगळे थांबलेत."

"मी चढणार नाही."

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. चढणार नाही."

"मग चार मुलं उचलून आणतील. अहो, पाहुणे आलेत."

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "पाहुण्यांना खाली आणा. त्यांचे पाय चांगले आहेत."

कुणीतरी हसलं. मोबाइल एकेक करून खाली गेले. शाल वरच राहिली. सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला, की झालाच नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच स्टुलावर बसतो. नरसय्यांनी मोडक्या बाकांच्या खोलीतून एक टेबल ओढून आणलं. फायली खाली येतात. मुलांना दाखले खाली मिळतात. उशीर होतो. लोक तक्रार करतात, माझ्याबद्दल. परवा एक सहकारी म्हणाला, "इतकी वर्षं चढलात, आताच काय झालं? नाटक आहे." त्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. इतकी वर्षं मी चढलो, हाच माझा गुन्हा आहे.

कारणे दाखवा नोटीस आली. त्यात प्रश्न होता, आपणास जिना चढता येतो की नाही, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. मला जिना चढता येतो. चढायला सहा मिनिटं लागतात, श्वास परत यायला पाच. पिशवी नरसय्या नेतात. दुसऱ्या मजल्यावर मी जात नाही. सारिकाच्या अर्जावरचा माझा अभिप्राय खोटा होता. तिच्या दाखल्यावरचं कारणही खोटं. खरं कारण जिना. दोन्ही कागद दुरुस्त करावेत. वर्ग खाली येईपर्यंत मी वर जाणार नाही.

त्याची प्रत केमला पाठवली आणि सारिकाला फोन केला.

"मिळाली," ती म्हणाली. "वाचली."

मागून तिच्या आईचा आवाज आला. "कोन हाय गं?"

"कॉलेजचे सर."

"त्यास्नी सांग, हात आजून वळंना म्हनावं."

मी ऐकलं. सारिकाने ते पुन्हा सांगितलं नाही. ती म्हणाली, "सर, माझं वर्ष गेलं. ते तुमच्या कागदानं परत येत न्हाय. तुम्ही खाली बसला म्हणून मी बरं म्हणायचं का?"

"नको म्हणू."

"मग ठेवते."

मी माफी मागितली नाही. तिने ती द्यावी अशी तिच्यावर आणखी एक जबाबदारी कशाला टाकायची?

आता दुसरी नोटीस आली आहे. सात दिवसांत पूर्ववत रुजू व्हावं, अन्यथा निलंबन. घरात मिळवता मी एकटा. तरीही उत्तर लिहून झालं आहे. माझ्या पायांनी मला कमवून खायला शिकवलं, ते मी कुणाला परत करणार नाही. पण माझे पाय दाखवून कुणाचा वर्ग नाकारला जात असेल, तर हे पाय यापुढे त्या जिन्यावर पडणार नाहीत.

निलंबित केलं तर फाटकाबाहेर रस्त्यावर टेबल मांडेन. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा ठेवेन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारेन, तुझा वर्ग कितव्या मजल्यावर आहे, आणि तुझ्या वर्गात कोण येऊ शकलं नाही.