आपांच्या वहीतली तोंडं

पायात काटा मोडला म्हणून गेलं तरी आपा आधी तोंड उघडायला लावायच्या. ताप असो, गळू असो, नुसतं लेकराला दाखवायला आणलेलं असो, दवाखान्याच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की एकच हुकूम: "आ करा." बायका पदर तोंडावर ओढून हसायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आपा हातात छोटा आरसा घेऊन शांत उभ्या. "उघडा ना अम्मा. दात मोजून हैदराबादेला कळवणार न्हाय मी." मग एकदाचं तोंड उघडायचं आणि आरशातून उन्हाचा कवडसा आत शिरायचा. गावातली पोरं त्यांना ‘आ-करा आपा’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग कधी आला नाही.

त्या तिथल्या नर्स, गुलबर्ग्याकडच्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. निजामाचं राज्य होतं तेव्हा सोलापूर-हैदराबाद सडकेवर, अणदूर आणि जळकोटच्या मधल्या आमच्या गावात दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा यायचे, राहिलेले सहा दिवस म्हणजे आपा. पांढरं लुगडं, पुरुषी बूट, आणि बोलणं असं की एका वाक्यात दखनी उर्दू, मराठी आणि कानडी तिन्ही सापडावं. माझ्या सासूशी त्या कानडीतून बोलायच्या, माझ्याशी मराठीतून, आणि चिडल्या की फक्त दखनीतून.

मी पहिल्यांदा गेले ती खरंच काट्यासाठी. त्यांनी दारात उन्हाकडे तोंड करून बसवलं, आरसा तिरका धरला आणि माझा डावा गाल चमच्यानं बाजूला केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"मिसरी लावतेस?"

"न्हाय," मी म्हणाले. काळे दात दाखवत म्हणाले, म्हणजे बघा.

"बरं," एवढंच बोलून त्यांनी वही काढली. मग काटा काढला.

ती वही म्हणजे दवाखान्याच्या जुन्या छापील कागदांच्या कोऱ्या बाजू दोऱ्यानं शिवलेल्या. उर्दू लिहीत असल्यामुळे ती आपल्याकडच्या वहीच्या शेवटाकडून सुरू व्हायची. वडिलांनी मला घरी मराठी अक्षरं शिकवली होती, पण त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. चित्रं मात्र कळायची. दर पानावर एक उघडं तोंड काढलेलं, वरचे दात, खालचे दात, जीभ. तंबाखूची गोळी किंवा मिसरी जिथं धरायची सवय तिथं शिसपेन्सिलीची फुली. चट्टा किंवा जखम असेल तिथं लाल पेन्सिलीचा ठिपका. पानामागून पान उलटत गेलं की फुली आणि ठिपका एकमेकांवर बसलेले दिसायचे. डॉक्टरसाहेब त्या वहीला हसायचे. आपा एकदा मला म्हणाल्या, "साहेब रोग बघतात. मी जागा बघते. का होतं ते मला ठाऊक न्हाय बेटी. पण ज्या गालात तंबाखू बसते त्याच गालात हे निघतं, एवढं मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. ते कुणीतरी लिहून ठेवाया पायजे ना?"

आता माझ्या सासूविषयी सांगायला हवं. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. आमचं घर लिंगायतांचं, सडकेला भुसाराचं दुकान. अव्वा करडी, पण माझ्यावर तिचा जीव, आणि त्याचं निम्मं कारण माझ्या हातची मिसरी. तव्यावर तंबाखू भाजायची, नेमकी करपू द्यायची, राख होण्याआधी उतरवायची, खलून कापडातून गाळायची. शेजारणी वाटी घेऊन मागायला यायच्या. "माझ्या सुनंसारखी मिसरी पंचक्रोशीत न्हाय," असं अव्वा म्हणाली की मी फुगायची. भाजता भाजता चाखायची, आणि चाखता चाखता लागली. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होईना, मग दुपारी, मग दिवे लागायच्या वेळी.

एका उन्हाळ्यात अव्वा भाकरी एकाच बाजूनं चावू लागली. दाढ दुखते म्हणाली. मिसरी लावली की हिरडी बधिर होते हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत, म्हणून अव्वा जास्त लावू लागली आणि मी जास्त काळी, जास्त कडक भाजून देऊ लागले. दुखणं वाढलं की मिसरी वाढायची. दोघींना वाटायचं, आपण औषध करतोय. असं चार महिने चाललं. ते चार महिने मी अजून विसरले नाही.

शेवटी तिला आपांकडे नेलं. आपांनी कवडसा टाकला आणि आरसा खाली घेतला. मग सासऱ्यांना बोलावून सांगितलं, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, उद्याच न्या. नेलं. कॅन्सर हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला, आणि त्याच्या मागोमाग, उशीर झाला, घरी न्या, असंही ऐकलं.

घरी आणल्यावर थोड्या दिवसांनी अव्वाचं खाणं सुटलं. दूध पुढे केलं तर मान फिरवायची. आम्ही समजलो, जखम दुखते. आपांनी रोज येऊन चूळ भरायला औषध दिलं. चूळ कधी पोटॅशच्या लाल पाण्याची, कधी तुरटीची, कधी मीठ-सोड्याची. कशानं आग होते, कशानं होत नाही हे विचारून वहीत लिहायच्या आणि जाताना मला एकच प्रश्न करायच्या, "आज किती घोट गेले?" एकही घोट गेलेला नसायचा.

चौथ्या दिवशी सकाळी आपा दारातच थबकल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अम्माच्या कपाळाला राख कशी न्हाय?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अव्वाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे नाहीत, असं लग्न होऊन आल्यापासून मी पाहिलं नव्हतं. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग विभूती, मग अन्न, हा तिचा आयुष्याचा क्रम. मी म्हणाले, "पूजा करत न्हाईत वाटतं."

"आन पूजेबिगर जेवतात का?"

"न्हाय."

आपांनी कपाळावर हात मारला. आत जाऊन अव्वाच्या अंथरुणाशी बसल्या आणि कानडीतून हळू विचारू लागल्या. अव्वा भिंतीकडे तोंड करून रडली. पुढचं ती मराठीत बोलली, बहुतेक मला ऐकू जावं म्हणून. "तोंडाला कसली घाण येतीया, माझी मलाच सोसंना. असल्या तोंडानं लिंगाम्होरं कशी बसू म्या? आन त्याला न दावता खाऊ तरी कशी?"

दुखणं होतंच, पण बाई उपाशी पडली होती ती लाजेनं. हे ना डॉक्टरांना कळलं, ना घरातल्या लोकांना. कळलं कुणाला, तर जिच्या घरी लिंग नाही आणि विभूती नाही त्या बाईला.

"तोंड मी साफ करून देते," आपा म्हणाल्या. "मग बसा पूजेला." आणि लगेच, अव्वाच्या मनात काय आलं असेल ते ओळखून, म्हणाल्या, "माझा हात नक्को असंल तर सुनंला शिकवते. तिच्याकडून करून घ्या."

सासरे दारात उभे होते. मी उभी होते. अव्वानं माझ्याकडे पाहिलं, मग आपांकडे.

"तिचा हात थरथरतोय," अव्वा म्हणाली. "तूच कर."

उकळून निवलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची पट्टी बोटाला गुंडाळलेली. आपा इतक्या सावकाश पुसत होत्या की बघणाऱ्याला झोप यावी. हिरडी, जिभेची कड, टाळू, आणि जखमेच्या भोवतीनं, जखमेला न लागता. पट्टी घाण झाली की नवी. शेवटी ओठांना लोणी. मग स्वतः उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या, कारण आता पूजा व्हायची होती. अव्वानं लिंग तळहातावर घेतलं. त्या दिवशी तिनं वाटीभर निवलेली आंबील प्यायली. मी ओसरीवर जाऊन आपांना सांगितलं, "नऊ घोट." त्यांनी लिहिलं आणि डोळे पुसले, लुगड्याला नव्हे, त्याच वहीच्या कागदाला.

पुढे मीही शिकले. दिवसातून चार वेळा, पूजेआधी आणि दर खाण्याआधी. खाल्ल्यावर नाही, खाण्याआधी, हे आपांनी घोट विचारून विचारूनच ठरवलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत दवाखान्यात औषधं यायची बंद झाली, पण मीठ आणि पाणी कुणी बंद करू शकत नव्हतं. अव्वा पाच महिने जगली. वेदना होत्या, खोटं कशाला सांगू. पण खोलीत वास नव्हता, नातवंडं तिच्या कुशीत शिरायची, आणि गेली त्या सकाळीही तिच्या कपाळावर तिन्ही पट्टे होते. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून पुरलं.

या सगळ्यात मी मिसरी सोडली असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हती सोडली. अव्वाचं तोंड पुसून मी परसात जायची आणि भिंतीआड बोट फिरवायची. आपांना कळत होतं. त्या मला एकदाही रागावल्या नाहीत. अव्वाच्या मागे पंधरा दिवसांनी त्यांनी मला दवाखान्यात बसवलं आणि वहीतलं एक पान समोर धरलं. त्यात माझं तोंड होतं, काट्याच्या दिवशीचं. डाव्या गालात फुली, आणि फुलीवर लाल ठिपका. पुढचं पान अव्वाचं, त्यातही डावीकडेच. दोन्ही पानं त्यांनी शेजारी शेजारी धरली. "तुझा पांढरा चट्टा हाय. दुखत न्हाय म्हणून तुला ठाऊक न्हाय. अम्मासाठी जे केलं ते तुझ्यासाठी करायची पाळी माझ्यावर आणू नक्को, बेटी. माझा हात आता थकला."

घरी जाऊन मी मिसरीचा तवा आडात टाकला. महिनाभर डोकं फिरल्यासारखं झालं, घरातल्या सगळ्यांवर खेकसले, दोन भांडी आपटून फोडली. पण परत लावली नाही.

मग हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गावोगाव मुसलमानांच्या वाट्याला काय आलं ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. सासऱ्यांनी आपांना आमच्या घरी आणलं आणि अव्वाच्या खोलीत ठेवलं. वारं शांत झाल्यावर गुलबर्ग्याहून त्यांच्या भावाचा निरोप आला. नंतर त्यांचं काय झालं, ती वही कुठे गेली, मला माहीत नाही. मी ती शेवटची पाहिली सडकेवर, मोटारीच्या थांब्यावर.

थांब्यावर गर्दी होती. लोक आपांकडे बघत होते, त्या दिवसांत जसं बघत तसं. त्या आपल्या ट्रंकेवर बसल्या होत्या. सासरे त्यांना पोचवायला आले होते, मी मागे, नाकापर्यंत पदर. मोटारीची धूळ लांबवर दिसली तशा आपा उठल्या, पिशवीतून आरसा काढला आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आ कर."

सासऱ्यांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते, आणि हा तर भर रस्ता. मी पदर मागे सारला, सूर्याकडे तोंड केलं आणि जबडा दुखेपर्यंत उघडलं. कवडसा आत आला. गाल त्यांनी बोटानं बाजूला केला. "हलू नक्को."

मग त्या परत ट्रंकेवर बसल्या आणि माझ्या जुन्या तोंडाखाली एक नवं तोंड काढलं. दात काढले, जीभ काढली. लाल पेन्सिल काढलीच नाही. वही माझ्यापुढे धरली.

"मग वरचा ठिपका खोडा ना, आपा," मी म्हणाले.

"खोडायचं न्हाय. खोडलं तर चट्टा होता आन गेला, हे कुणाला कळंल?"

मोटार आली. आपांना मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या गालावरून, त्याच डाव्या गालावरून हात फिरवला आणि चढल्या. मोटार जळकोटच्या वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पदर अजून खांद्यावरच आहे. मी घाईनं ओढायला गेले.

"ऱ्हाऊ दे," सासरे म्हणाले. आणि रोजच्यासारखे दहा पावलं पुढे न जाता, घरापर्यंत माझ्या शेजारून चालले.