सातवा ओटीपी

“सरांना खाली पाठवा, न्हायतर मी गेटवर चढतेय,” माझी मैत्रीण ओरडत होती. गेट शांती नगरातल्या एका सोसायटीचं होतं. तिचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते: लहानपणी उत्तनच्या किनाऱ्यावरून ती आईला हाक मारायची, तेव्हा समुद्रात गेलेल्या दोन होड्या आपल्यालाच बोलावलं समजून परत यायच्या. वॉचमन मात्र खुर्चीतून हलला नाही.

“फ्लॅट नंबर बोलो.”

“फ्लॅट नंबर न्हाय. सर हाय. मतदार यादीवाले सर, चौकड्यांचा शर्ट.”

“बिना फ्लॅट नंबर एंट्री नहीं मिलेगी, बेटा.”

पावणेपाच वाजले होते. पाच वाजता आमचं सगळं संपणार होतं, आणि ते वाचवू शकणारा मोबाइल त्या सोसायटीत कुठल्यातरी मजल्यावर सरांच्या खिशात होता.

सगळं म्हणजे आमची पेटी. आम्ही दोघी तेव्हा नववीत. मासळीच्या बर्फाची थर्माकोलची पेटी आतून काळी रंगवली, वर काच बसवली, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. दांडीवर वाळायला तीन दिवस घेणारा बोंबील आमच्या पेटीत दीड दिवसात कडक व्हायचा, ना माशी ना वाळू. मैत्रिणीच्या आईने अख्खा हंगाम अंगणातल्या दोन दांड्यांची जागा आम्हाला सोडली होती आणि वर रोज एक टोमणा फुकट: “देवाने ऊन उघड्यावर ठेवलंय, तुमी त्याला पेटीत कोंडा.” पेटी शाळेत आणली त्या दिवशी भाईंदर पश्चिमेतल्या यच्चयावत मांजरांनी आमच्या वर्गात नाव घातलं. शेजारच्या सोसायटीने निषेध म्हणून अगरबत्तीचे बारा पुडे पाठवले. तरीही पेटी शालेय विज्ञान स्पर्धेच्या राज्याच्या फेरीतून पार झाली. आता उरली होती दिल्लीची, देशभरातल्या शाळांची फेरी. तिथे निवड झाली की तुझी पेटी अंगणात कायमची राहील, दांड्या हलवीन, असं तिच्या आईने कबूल केलं होतं. नाही झाली, तर थर्माकोल पुन्हा बर्फाला.

निकाल त्या दिवशी तीन वाजता वेबसाइटवर लागणार होता. तो बघायला नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, आणि निवड झालेल्यांनी पाचच्या आत ‘येणार’ हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर जागा पुढच्या शाळेला. हा नियम ज्याने केला त्याला एकदा तरी आमच्या शाळेच्या इंटरनेटवर बसवायला हवं.

फॉर्मवर मी माझ्या आईचा नंबर लिहिला होता. मुख्याध्यापिका बाईंनी तो खोडला. “शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे. जबाबदार माणसाचा नंबर हवा.” आणि विज्ञानाच्या सरांचा नंबर लिहिला. त्या जबाबदार माणसाला नेमकं त्याच आठवड्यात सरकारने मतदार यादीच्या कामाला उचललं. या देशात शिक्षक सोडून कुणाला लिहितावाचता येतं यावर सरकारचा विश्वासच नाही. माणसं मोजायला शिक्षक, मतदार शोधायला शिक्षक, मेलेल्यांची नावं खोडायलाही शिक्षक. आमच्या फळ्यावर मात्र गेल्या सोमवारची तारीख होती, आणि तीही शिपाईकाकांनी लिहिलेली. आजही आठवलं की माझं डोकं तव्यासारखं तापतं.

त्यात सरांची एक कथा होती. गेल्या दिवाळीत ‘लाईट कापतो’ म्हणणाऱ्या कुणीतरी सरांना फोनवर गंडवलं होतं. तेव्हापासून ते अनोळखी नंबर उचलत नसत, आणि रोज प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेला शपथ देत: मी माझा ओटीपी कुणालाही सांगणार नाही. पहिलीची पोरंसुद्धा हात पुढे करून म्हणायची. त्यांच्याकडे मोबाइल तर सोडाच, दातसुद्धा पुरे नव्हते.

तीन वाजता कॉम्प्युटरच्या खोलीत मी ‘ओटीपी पाठवा’ दाबलं. शिपाईकाकांच्या मोबाइलवरून सरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा दाबलं.

“थांब जरा,” मैत्रीण म्हणाली. “आधी फोन लागू दे.”

मी थांबले नाही. पहिले तीन ओटीपी गरजेपोटी पाठवले, पुढचे चार रागापोटी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईंनी स्वतः फोन केला तोवर सरांचा नंबर बंद. मग बाई म्हणाल्या, “ते शांती नगरात आहेत, पळा.” आम्ही शिपाईकाकांचा मोबाइल घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला मी इतकं पिटाळलं की खड्डे मागे राहून गेले. सेक्टर सापडला, सोसायटी सापडली. आणि तिथे हा वॉचमन.

मैत्रीण खरंच गेटवर चढली. अर्धी चढलेली असताना तिने पुन्हा हाक मारली, तशी चार इमारतींच्या खिडक्या उघडल्या, आणि त्यातल्या एका खिडकीत चौकड्यांचा शर्ट दिसला. सर जिने उतरून आले तेव्हा पाचला आठ मिनिटं होती.

“सर, मोबाइल,” मी म्हटलं. “ओटीपी आलेत, सात.”

सरांनी आमच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की मी तेव्हाच समजायला हवं होतं. “सातही आले,” ते म्हणाले. “माझ्यावर हल्ला चालला होता. मी बरोबर ओळखलं.” त्यांनी वरच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत सिमचे दोन तुकडे. चौथ्या मजल्यावरच्या एका मावशींचा फॉर्म भरताना त्यांच्याकडून शिवणाची कात्री मागून घेतली होती.

मैत्रिणीने पुडी हातात घेतली. ती दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून बघत बसली, जणू चिकटतील. मीच बोलले. काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही, पण वॉचमन पहिल्यांदाच खुर्चीतून उठला.

पाच वाजून गेल्यावर शिपाईकाकांच्या मोबाइलवर बाईंचा फोन आला. त्यांनी दिल्लीच्या कार्यालयाला विचारलं होतं. आमची निवड झाली होती. जागा आता पुढच्या शाळेला गेली होती.

मी हे मोठ्याने सांगितलं. मैत्रिणीने सिमचे तुकडे पुन्हा पुडीत बांधले आणि सरांच्या हातात दिले.

“सर,” ती म्हणाली, इतक्या हळू की तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, “मेसेजमध्ये स्पर्धेचं नाव होतं. तुम्ही वाचला तरी का?”

“वाचला ना,” सर म्हणाले. “कुणालाही सांगू नका, असं लिहिलं होतं.”