मावशीने गाडीला नवे शॉकअप बसवले त्याची गोष्ट

माझी मावशी बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून तिने सात जणांची एक जुनी गाडी घेतली. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला वाटलं, आता ही आपल्याला फिरवून आणेल. पण मावशीला रिकामं बसणं कधी जमलं नाही. गावातल्या तिघांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यांना आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागायचं. त्यांना नेण्या-आणण्याचं काम तिने अंगावर घेतलं. पेट्रोल सुटेल आणि थोडं हातात राहील एवढेच पैसे ती घ्यायची.

तिघांपैकी एक शिवणबाई. त्या मुलींना शिवण शिकवायच्या. दुसरा पोस्टमन, चाळिशीचा, कायम काहीतरी बोलत असणारा. आणि तिसरे घड्याळजी. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, वय बहात्तर, अंगाने काडी. मी तेव्हा छापखान्यात नोकरीला लागले होते आणि मावशीकडेच राहत होते, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

वाटेत अकरा किलोमीटरचा एक पट्टा होता. डोंगर फोडणाऱ्या खाणीचे ट्रक जाऊन जाऊन त्या रस्त्याची पार चाळण झाली होती. मावशीची गाडी जुनी, खड्ड्यांचे दणके झेलणारे मागचे शॉकअप गळून गेलेले. चार माणसं बसली की गाडीचा मागचा भाग खाली बसायचा आणि खड्डा आला की धाडकन आपटायचा. मावशी तिथून बैलगाडीच्या वेगाने जायची, तरी एका शुक्रवारी परतताना पुढच्या ट्रकच्या धुळीत एक खड्डा तिला दिसला नाही. गाडी आदळली. घड्याळजी ओरडले नाहीत, नुसते पोटात गुद्दा बसल्यासारखे कण्हले. सोमवारी दवाखान्यात फोटो काढला तर बरगडीला चीर. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात हाडं खडूसारखी होतात, आणखी एक असा दणका बसला तर कठीण आहे.

त्याच दिवशी परतताना, आपल्या फाटकापाशी उतरल्यावर, घड्याळजी मावशीला म्हणाले, "ताई, मी विचार केलाय. आता पुरे. या महिन्यानंतर मी येणार नाही."

मावशी म्हणाली, "म्हणजे? मग कसं होणार?"

"जे व्हायचं ते घरी होईल," ते म्हणाले. "तुमची काही चूक नाही यात."

चूक नाही म्हणाले, आणि तेच मावशीच्या मनाला लागलं. घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. डायलिसिस थांबवलं की माणूस किती दिवस काढतो हे तिला ठाऊक होतं. बावीस वर्षांत एकाही पोराला खरचटू न देणाऱ्या बाईच्या हातून एका म्हाताऱ्याची बरगडी मोडली होती, आणि आता तो मरायचं ठरवून मोकळा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी तिने चौकशी सुरू केली. कंपनीच्या शोरूममध्ये चारही शॉकअप आणि मागच्या स्प्रिंगांचे चौसष्ट हजार सांगितले. ते ऐकून तिने तिथला चहाही घेतला नाही. नाक्यावरचा एक जण म्हणाला, जुन्यांतच तेल भरून देतो, नऊ हजारांत काम. किती टिकेल विचारलं तर हसला. मग ती शहरातल्या एका चकचकीत दुकानात गेली. तिथे परदेशी बनावटीचे लालभडक शॉकअप काचेत मांडले होते. विकणाऱ्या तरुणाने सांगितलं की हे एकदम कडक, वळणावर गाडी हलणार नाही, रुबाब वेगळाच. सत्तावीस हजार. मावशीला रुबाबाशी देणंघेणं नव्हतं, पण शोरूमच्या मानाने आकडा बरा वाटला. तिने जवळजवळ पैसे काढलेच होते. मग म्हणाली, बसवणाऱ्याला विचारून येते.

बसवणारा म्हणजे उस्ताद. गावाबाहेर त्याचं गॅरेज. फार बोलायचा नाही, आणि बोलला तर बहुधा तिरकसच. त्याने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी होडीसारखी डुलत राहिली. मग त्याने विचारलं, "यातून वाहता काय?"

"माणसं," मावशी म्हणाली. "ठिसूळ हाडांची."

तिने बरगडीचं आणि त्या लाल शॉकअपचं सांगितलं. उस्ताद म्हणाला, मग ते लाल बसवाल तर उरलेल्या बरगड्याही जातील. कडक म्हणजे चांगलं, हा पोरासोरांचा समज. तुम्हाला भार उचलणारी स्प्रिंग हवी, पण शॉकअप मऊ हवा. तसा संच त्याने कागदावर लिहून दिला. सामान एकतीस हजार. मजुरी सहा. चाकं सरळ करून घ्यायचे दीड. शेवटी त्याने एक ओळ लिहिली: बोल्ट तुटले तर वेगळे.

काकांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. काका कारखान्यात लोखंड कातायचा लेथ चालवायचे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खर्चाची तपासणी हेच त्यांचं काम. म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गाडी विकली तरी एवढे येतील की नाही. शिवाय घरात होते ते चाळीस हजार मावशीच्या दातांसाठी ठेवलेले. वर्षभर ती एकाच बाजूने चावत होती. मावशी एवढंच म्हणाली की दात नसले तर माणूस मरत नाही. काकांनी कागद घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवला.

मावशीने सामान मागवलं, ते यायला अठरा दिवस लागले. ते आलं सोमवारी संध्याकाळी. महिना संपायला दोन दिवस उरले होते, आणि घड्याळजींचा बुधवार शेवटचा. बुधवारी यायचं की नाही याबद्दलही ते "बघू" एवढंच म्हणाले होते. म्हणजे गाडी मंगळवारीच व्हायला हवी होती. उस्ताद म्हणाला, सकाळी आठला आणा, पाचपर्यंत देतो.

मंगळवारी मला सुट्टी होती, म्हणून मी मावशीबरोबर गेले. पुढची दोन्ही चाकं साडेअकरापर्यंत झाली. मागचं उजवं दीडपर्यंत. मावशीचा चेहरा जरा सैल झाला. मग डाव्या बाजूला शॉकअप खालून धरणारा बोल्ट काही केल्या फिरेना. गंजून आतल्या नळीला एकजीव झाला होता. उस्तादाने तेल सोडलं, वाट पाहिली, आगीने तापवला, लांब पाइप लावून जोर दिला. कट्कन आवाज आला आणि बोल्टचं डोकं जमिनीवर पडलं.

उस्ताद गाडीखालून बाहेर आला. म्हणाला, आता कापावं लागेल. बोल्टभोवतीचा रबराचा बुश आणि त्यातली लोखंडी नळी दोन्ही जातील. नवा बुश मिळतो, पण त्याचं आतलं भोक मोठं असतं, या बोल्टला बसत नाही. बरोबर मापाचा मागवला तर तीन दिवस.

"मग जुनंच परत बसवून द्या," मावशी म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता. "उद्याचा दिवस ढकलते."

उस्ताद म्हणाला, जुनं बसवायलाही तोच बोल्ट लागतो.

मावशी गॅरेजच्या दारातल्या टायरवर बसली. गाडी मध्ये लटकलेली, तिचं एक चाक नाही. मावशीने फोन फिरवायला सुरुवात केली. भाड्याच्या गाडीवाल्याने पहाटेचं म्हणून सात हजार सांगितले आणि वर, आजारी माणसं नेत नाही म्हणाला. रुग्णवाहिका तातडीच्या वेळेलाच मिळत होती. शिवणबाईंच्या भाच्याकडे दुचाकी होती, ती काय कामाची. दवाखान्यात वेळ बदलून मागितली तर शनिवारपर्यंत एकही यंत्र मोकळं नव्हतं. मी तिला पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. मला म्हणाली, "मी गेले नाही तर घड्याळजींना वाटेल, बरं झालं. तेवढंच निमित्त हवंय त्यांना."

मी काकांना फोन केला. खरं तर का केला, सांगता येणार नाही. वाटलं, आणखी चार शब्द ऐकावे लागतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळीचं माप काय?"

अर्ध्या तासात ते रिक्षाने आले. खिशात त्यांचा मोजपट्टीचा जुना कॅलिपर, कापडात गुंडाळलेला. त्यांनी बोल्टची जाडी मोजली, नव्या बुशाचं भोक मोजलं, मावशीकडे न बघता उस्तादाला म्हणाले की मधल्या फरकाएवढी नळी काढायची, पोलादाची, झालं. शेजारच्या शेडमध्ये लेथ होता. मालकाने ओळख नसताना चालवायला दिला, पण स्वतः बाजूला उभा राहिला.

सहा वर्षांत काकांनी लेथला हात लावला नव्हता. पहिली नळी झाली आणि त्यांनी बोल्टवर सरकवली तर ती डगडगली. केसाएवढा फरक. मी म्हटलं, चालेल की. काकांनी ती भंगाराच्या डब्यात टाकली. "यावर माणसं बसणार आहेत," म्हणाले. दुसरी करताना त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. मावशी शेडच्या दारात उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत-सोडत होती. दुसरी नळी बोल्टवर अडत-अडत, पण शेवटपर्यंत गेली. उस्तादाने ती उलटसुलट करून पाहिली, आतून बोट फिरवलं आणि ती घेऊन गाडीखाली शिरला. त्याने नाव ठेवलं नाही, यातच आलं.

दिवेलागणीला गाडी खाली उतरली. कापायचे दोन हजार, बुशांचे अठराशे, नव्या बोल्टांचे सातशे असे वाढले. गाडीत केलेला बदल आरटीओकडून तपासून दाखला घ्यायचा, त्याचे अडीच हजार पुढे होतेच. सगळे मिळून साडेपंचेचाळीस हजार. कमी पडले ते उस्ताद म्हणाला दोन महिन्यांत द्या. चाकं सरळ करायचं दुकान बंद होत आलं होतं, पण उस्तादाने फोन करून थांबवलं.

घरी येताना डाव्या बाजूने वळणावर टक् असा आवाज येत होता. मावशीने तीनदा गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. काहीच दिसलं नाही. उस्ताद फोनवर म्हणाला, नवीन आहे, बसायला वेळ लागतो, पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळू. मावशीला ते पटलं नाही. काकांना तर अजिबात नाही. बुधवारी पहाटे साडेपाचला ते अंगात स्वेटर घालून गाडीत पुढे येऊन बसले. मावशीने विचारलं, कुठे निघालात. म्हणाले, आवाज ऐकायला.

त्या दिवशी काय झालं ते काका आणि मावशी दोघांकडून मी ऐकलंय. घड्याळजी फाटकाच्या पायरीवर बसले होते. औषधांची पिशवी जवळ नव्हती. म्हणजे नाही सांगायलाच बाहेर आले होते. मावशी खाली उतरली. दातांचं, पैशाचं, बोल्टचं, काहीच तिने सांगितलं नाही. म्हणाली, "आज बसा. परत आल्यावर नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही."

त्यांनी गाडी मागून-पुढून न्याहाळली. मग म्हणाले, "उंच दिसतेय," आणि पिशवी आणायला आत गेले.

जाताना त्या अकरा किलोमीटरमध्ये कोणी बोललं नाही. पोस्टमनसुद्धा नाही. गाडी खड्ड्यात उतरत होती आणि चढत होती, पण आपटत नव्हती. टक् मात्र येत होतं, आणि दर टक् ला काका मान तिरकी करत होते.

परतताना उन्हं चढली होती. खाणीचा पट्टा सुरू झाला, आणि मावशीच्या लक्षात आलं की मागून काहीच आवाज नाही. एरवी दर खड्ड्याला घड्याळजींचा श्वास ऐकू यायचा. तिने आरशात पाहिलं. त्यांची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं. तिने गाडी कडेला घेतली, दार उघडंच टाकून मागे धावली आणि त्यांचा खांदा धरला.

त्यांनी डोळे उघडले. "आलं का घर?"

शिवणबाई म्हणाल्या, अहो, ते झोपलेत केव्हाचे, मघाशी हळूच घोरतही होते. मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि रडली. काका उतरले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि डाव्या चाकाकडे बघत राहिले.

त्यांच्या घरापाशी पोचल्यावर मावशीने काही विचारलं नाही. फाटक लावताना घड्याळजीच म्हणाले, "शुक्रवारी पाच मिनिटं उशिरा या. मला चपला शोधायला वेळ लागतो."

पाचशे किलोमीटरनंतर उस्तादाने नट आवळला आणि टक् थांबलं. दाखला दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेले होते.

घड्याळजी त्यानंतर चौदा महिने आले. शेवटी ते घरी, झोपेत गेले. मध्ये एकदा, खाणीचा पट्टा सुरू व्हायच्या आधी, शिवणबाईंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांनी गाडीतच उघडलं. मावशी ओरडली की अहो, गाडी चालू आहे. ते म्हणाले, चालू द्या, हात हलत नाही. तेवढ्यात कुत्रं आडवं आलं, मावशीने ब्रेक लावला आणि एक स्क्रू उडाला. मग गाडी कडेला लागली. पोस्टमन सीटखाली आडवा झाला, शिवणबाईंनी ओढणी झटकून पाहिली, मावशी चटया काढून उन्हात आपटत राहिली. आणि घड्याळजी उघडं घड्याळ तळहातावर धरून, कोणी पाय हलवू नका, असं सगळ्यांना दरडावत होते.