काचेमागची बाटली

सुमनचे हात गार पडले होते आणि अंग घामाने भिजलं होतं. मला ओळखत होती, पण "बाय, पानी" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. समोर मशीनमध्ये काचेमागे गोड पेयांच्या बाटल्या उभ्या होत्या. माझ्या बटव्यात नोटा होत्या, पण त्या मशीनला नोट घालायला फटच नव्हती. फक्त फोन दाखवायचा चौकोन.

सुमन माझी धाकटी जाऊ. सातिवलीत एका बंद कारखान्याच्या फाटकाशी आम्ही अडकलो होतो. कारखान्यांना सुट्टी, टपऱ्या बंद, फाटकावर माणूस नाही. रिक्षाचं चाक बसलं होतं आणि रिक्षावाला ते घेऊन पंक्चरवाल्याच्या शोधात गेला होता.

सकाळी आमच्या होळी गावाहून तुंगारेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. पिशवीत वाडीतला सोनचाफा आणि बेल. सोबत माझी नात नेहा, कॉलेजात जाते. वसईत आम्ही दोघींनी चहा घेतला. सुमनने घेतला नाही, दर्शन होईपर्यंत तिचा उपास. नेहाने चहाचे पैसे फोनने दिले. पुढे गोखिवऱ्याला टोपी घेतली, तेव्हा फोनातलं दुसरंच काहीतरी उघडलं.

"एक धड वापर की," मी म्हटलं.

"टोपीवर या ॲपमध्ये बक्षीस मिळतं, आजी. चहा-रिक्षाला छोटं पाकीट. त्यात थोडेच टाकून ठेवते, कोणी लुबाडलं तर तेवढेच जातील. पिन लागत नाही, आणि बाबांना दर चहाचा मेसेज जात नाही."

"म्हणजे बापापासून लपवायचं."

"चहासुद्धा विचारून प्यायचा का?"

सुमन हसली. तेव्हा हसत होती. नेहा तिथेच पेढे घेणार होती. मीच म्हटलं, वर देवळाशी मिळतात, इथून ओझं कशाला.

आता फाटकाशी मी सुमनला हलवून विचारलं, "शुगरची गोळी घेतलीस सकाळी?"

"घेतली तर. डॉक्टरने सांगितलंय, चुकवायची नाय."

"आणि खाल्लंस काय?"

"उपास हाय ना."

देवाचं ऐकलं, डॉक्टरचंही ऐकलं, आणि रिकाम्या पोटी गोळीने साखर उतरली. आमच्याकडच्या अर्ध्या बायका असंच करतात.

नेहाने आधी बक्षीसवालं ॲप उघडलं. सवय. ते नुसतं फिरत राहिलं. मग बँकेचं. बँकेचा सर्व्हर बंद. सुमनची मान माझ्या खांद्यावर आली. मी तिला भिंतीला टेकवलं आणि शेजारी पडलेली वीट उचलली.

"आजी, काय करतेस? दोन मिनिटं थांब."

"तिच्याकडे आहेत का दोन मिनिटं, ते बघ."

"छोटं पाकीट राहिलंय. त्याला बँक लागत नाही."

मी वीट खाली ठेवली नाही. हातात धरूनच उभी राहिले. नेहाने फोन चौकोनासमोर धरला. आत काहीतरी फिरलं आणि बाटली धपकन खाली पडली.

सुमन गिळत होती, म्हणून घोट घोट पाजलं. अर्धी बाटली संपल्यावर तिने डोळे नीट उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "वीट कोनाला मारतेस?"

रिक्षावाला चाक घेऊन आला. त्याला रिक्षा वळवायला सांगितली आणि गोखिवऱ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाटलीने वाचवलं, आणि सुमनला चांगलं सुनावलं. दर्शन राहिलं. सोनचाफा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

परतताना नेहाला मी सांगितलं, माझ्या फोनातही ते छोटं पाकीट घाल. बटवा मी सोडणार नाही. तो गेली चाळीस वर्षं माझ्या कमरेला आहे आणि बहुतेक ठिकाणी चालतो. पण त्या फाटकाशी चालला नाही, हे मी पाहिलं. पोरं एवढी पाकिटं का बाळगतात हे मला पूर्ण पटलेलं नाही. बापापासून लपवायला बाळगली तरी हरकत नाही, एक तरी उघडलं पाहिजे.

सुमन वाचली. आत्ता मागे वाडीत मोगरा खुडते आहे.