ईशान्य कोपरा रिकामा

“म्हणजे गुडघे धरून मी दर वेळी जिना चढायचा,” सुशीलाबाई म्हणाल्या, “आणि तुमचा कोपरा तेवढा रिकामा ठेवायचा.”

“रिकामा नाही, पवित्र,” हिम्मतरावांनी दुरुस्ती केली.

तारनाक्याच्या नव्या घरातला खालचा संडास-बाथरूम कालच फोडला होता. फरशी बसली होती, नळ लागले होते. पण चिक्कडपल्लीचे वास्तुवाले पंतुलु होकायंत्र फिरवून म्हणाले, ईशान्येला संडास म्हणजे घराचा नाश. लगेच मेस्त्रीनं घण घातला. आता संडास उरला तो फक्त वरच्या मजल्यावर.

हिम्मतरावांची सगळी नोकरी सरकारी हिशेब खात्यात गेली. आधी कुणाची तरी सही असल्याशिवाय त्यांनी कशावर सही केली नाही. निवृत्तीनंतर घर बांधायला काढलं, तेव्हाही तेच. नकाशा काढणाऱ्या मुलीनं म्हातारपणाचा विचार करून सगळं खाली दाखवलं, तर तिला कालची पोर म्हणून घालवलं. सकाळी फिरायला येणाऱ्या दोस्तानं सांगितलं म्हणून हॉल दुमजली उंच. तिथलं जाळं काढायला आता शिडी हवी. साडूनं सांगितलं म्हणून गुळगुळीत संगमरवर. दाराचा रंग न्हाव्यानं ठरवला. घरात दिवसभर वावरणार होत्या सुशीलाबाई, तेवढं त्यांना विचारायचं राहून गेलं.

स्वयंपाकघराची खिडकी बुजवली, तेव्हाही त्या गप्पच राहिल्या होत्या. गुडघ्यांना मात्र गप्प बसता येत नव्हतं.

केदार, त्यांचा मुलगा, म्हणाला, “आई, थोडं अ‍ॅडजस्ट कर ना. वर बाथरूम आहे की.” त्याची खोली वरच होती.

सुशीलाबाईंनी त्याच्या हातातला फोन घेतला, पंतुलुंना लावला आणि सरळ विचारलं, वायव्येला चालतो का? पलीकडून आवाज आला, “चालतो अम्मा, फस्ट क्लास.”

हिम्मतरावांचा चेहरा पडला. वायव्येला मोटारीचं शेड होतं. त्यातली मोटार अजून घ्यायची होती, पण शेजाऱ्याच्या शेडपेक्षा आपलं हातभर मोठं, हे त्यांनी स्वतः मोजून पाहिलं होतं.

“शेड तोडायचं नाही,” ते म्हणाले. “लोक काय म्हणतील? आणि वास्तुशांतीच्या पत्रिका गेल्या आहेत.”

“पत्रिकेत यजमान म्हणून दोघांचं नाव आहे.”

“पत्नी हजर नसेल तर सुपारी ठेवून भागतं,” हिम्मतराव घाईनं म्हणाले. शास्त्र त्यांना असं सोयीपुरतं पाठ होतं.

“ठेवा. जेवायला पंगतही तीच वाढील.”

केदार हसला आणि वडिलांकडे पाहून थांबला. हिम्मतराव दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले, जणू आता कुणीतरी आधी सही करायला हवी होती.

सुशीलाबाईंनी ओट्यावरची सिमेंटची धूळ पदरानं झटकली.

“शेडच्या जागी बाथरूम होईल,” त्या म्हणाल्या. “ते होईपर्यंत मी वास्तुशांतीला पाटावर बसणार नाही. तोवर आपलं काचीगुड्याचं भाड्याचं घर सोडायचं नाही. घरमालकाला मी सकाळीच सांगून आले आहे.”