चतुराबाईचं कोड

चतुराबाईच्या डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग उठला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिची लेक कस्तुरा चार वर्षांची. किन्हीराजात तिचा नवरा उकंडराव याचं घर खातंपितं होतं. चार बैलजोड्या, कपाशी, ज्वारी, दिवसभर माणसांचा राबता. डाग चिंचोक्याएवढा होता. चतुराबाईनं तो बांगड्यांखाली झाकला. वर्षाच्या आत तसाच दुसरा ओठाच्या कोपऱ्यावर आला, आणि तो झाकायला काही उपाय नव्हता.

सासऱ्यानं एका वैदूला बोलावलं. वैदूनं ओसरीवरूनच पाहिलं आणि म्हणाला, "रगतपिती हाय, महारोग. घरात ठेवसान तर लेकराले लागंल."

लेकराचं नाव निघाल्यावर चतुराबाईही घर सोडायला तयार झाली. त्याच उन्हाळ्यात, म्हणजे १९२३ साली, तिला वावराच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, पऱ्हाटीच्या काड्यांची एक खोपडी राहायला घालून दिली. सुरुवातीला उकंडराव स्वतः भाकर आणून दगडावर ठेवायचा आणि मागं सरकून उभा राहायचा.

"कस्तुरा काय करते?" ती विचारायची.

"खेळून राह्यली."

"माही आठवन करते का?"

यावर तो कधी हो म्हणायचा, कधी बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून निघून जायचा. तिसऱ्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं. मग भाकर सालदार आणू लागला. त्याला घरातलं विचारलं की तो मान खाली घालायचा. चतुराबाई धुऱ्यावर भेंडी, वाल लावायची, पाखरं राखायची. अकरा वर्षं गेली. डाग वाढत पाठीवर, पोटऱ्यांवर उतरले. पण बोटं झडली नाहीत, नाक बसलं नाही. हे तिच्या लक्षात येत होतं. ते सांगायला जवळ कोणी नव्हतं.

१९३४ च्या हिवाळ्यात त्या भागात महारोगाची पाहणी सुरू झाली. डॉक्टर बेदरकर नावाचे चाळिशीचे गृहस्थ मंगरूळपीरला मुक्काम करून गावोगाव हिंडत होते. गावातली सगळी माणसं तपासायची, कोणाला रोग आहे ते लिहायचं, आणि रोग्यांना कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं देऊन दर तीन महिन्यांनी फरक बघायचा, असं ते काम होतं. किन्हीराजाच्या कोतवालानं, पुंजाजीनं, त्यांना सांगितलं, "सायेब, एक बाई गावात नाई, वावरात हाय. तिचं नाव आमी घेत नाई."

डॉक्टर खोपडीपाशी गेले तेव्हा चतुराबाईनं सवयीनं ओरडून सांगितलं, "दूर राहा!"

ते जवळ आले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि सांगितलं, "मी पीस लावतो. जिथं कळेल तिथं बोट ठेवा."

त्यांनी कोंबडीचं पीस डागावर टेकवलं. तिनं बरोबर तिथं बोट ठेवलं. पाठीवर, पोटरीवर, मनगटावर, ओठाशी, प्रत्येक वेळी बरोबर. मग काचेच्या दोन नळ्या लावल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. तिनं दोन्ही ओळखल्या. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन त्यांनी काचेवर पुसट रक्त घेतलं आणि ते गेले. पाच दिवसांनी परत आले ते सांगायलाच.

"बाई, तुम्हाला महारोग नाही. महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही. तुमच्या सगळ्या डागांना कळतो. काचेवरही काही सापडलं नाही. हे कोड आहे. नुसता कातडीचा रंग गेलाय. हे कोणाला लागत नाही."

चतुराबाईनं मनगटावरचा पहिला डाग अंगठ्यानं चोळून पाहिला.

"लेकरालेबी लागलं नसतं?"

"नाही."

ती रडली ती तेव्हा.

नंतर ते उकंडरावाच्या घरी गेले. त्यानं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुमचं खरं असंल, सायेब. पण पोरीचं लगन जमत नव्हतं. कोन्या घरात रगतपितीवालीची पोरगी घेतात? मागच्या साली मी सोयऱ्याईले सांगतलं का तिची माय मेली. तेरवी केली, जेवनं घातली. पोरीलेबी तेच सांगतलं. मेडशीले देली तिले, चांगलं घर हाय. आता कोन्या तोंडानं सांगू का ते खोटं होतं?"

डॉक्टरांनी हे चतुराबाईला सांगितलं नाही. तिनं पुंजाजीकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती खोपडीतून लुगडं, तवा आणि विळी घेऊन निघाली आणि डॉक्टरांच्या टांग्यामागून चालत मंगरूळपीरला गेली.

डॉक्टरांची एक अडचण होती. बाया पुरुषापुढं पाठ उघडी करत नसत, त्यामुळं निम्मं गाव तपासायचं राहून जाई. त्यांनी चतुराबाईला पीस धरायला शिकवलं. पडद्यामागं बाई बसायची, चतुराबाई तपासायची आणि कुठल्या डागाला कळलं, कुठल्या नाही, ते बाहेर सांगायची. डॉक्टर कागदावरच्या माणसाच्या आकृतीवर तेवढी जागा पेन्सिलीनं रंगवायचे. तिला अक्षर येत नव्हतं. पण तीन महिन्यांनी तीच बाई आली की डाग किती सरकला हे ती वहीच्या आधी सांगायची. आपल्याच अंगावर पांढरं घेऊन बसलेल्या बाईपुढं बाया लाजत नसत. एखादीचा डाग पिसाला गप्प राहिला की चतुराबाईच तिला सांगायची, आणि सांगून झाल्यावर तिचा हात धरून बसायची. मंगरूळपीरला डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागं अन्वरी नावाची दाई राहायची. तिनं चतुराबाईला आपल्या ओट्याला लागून खोली दिली.

तेलाची सुई फार दुखायची. कातडीत जागोजागी टोचायचे, गाठी यायच्या. काहींचे डाग फिके झाले, काहींचे तसेच राहिले. चतुराबाईनं एकदा विचारलं, "सायेब, ह्या तेलानं गुन येते का?"

"अजून नक्की सांगता येत नाही, बाई. म्हणूनच लिहून ठेवतो."

१९३६ साली पाहणी मेडशीला, कस्तुराच्या सासरच्या गावी, आली. चतुराबाईला आदल्या दिवशीपासून जेवण गेलं नाही. शाळेच्या खोलीत लुगड्याचा पडदा लावला. दुपारी कोतवालानं नाव पुकारलं, माहेर किन्हीराजा म्हणून सांगितलं, आणि अठरा वर्षांची कस्तुरा आत आली. तिनं आईकडं पाहिलं. ओळख पटली नाही. तिच्या मनात आई मेलेली होती.

कस्तुराची पाठ स्वच्छ होती. चतुराबाईनं खांद्यापासून कमरेपर्यंत पीस फिरवलं, पुन्हा वरून सुरुवात केली, पुन्हा.

"अजून किती पाहाचं हाय, बाई?" कस्तुरा म्हणाली. "सासू वाट पाहून राह्यली."

"झालं," चतुराबाई म्हणाली. "काई नाई तुले. जाय."

मंगरूळपीरला परतल्यावर अन्वरीनं तिला झापलं, "अगे, बोलायचं ना! आई हाय म्हनून सांगायचं!"

"सासू दारात उभी होती," चतुराबाई म्हणाली. "माह्या ओठाकडं पाहून ती काय म्हनली असती? पोरीले माघारी धाडलं असतं."

उकंडराव १९४० मध्ये वारला. मरण्याआधी त्यानं लेकीला बोलावून सगळं सांगून टाकलं. महिन्यानं कस्तुरा सर्विस मोटारीनं मंगरूळपीरला आली. कडेवर मुलगा होता. ती दवाखान्याच्या रांगेत बसली आणि नंबर आल्यावर पडद्यामागं गेली. अन्वरीला बाहेरून दोघींचं काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं चतुराबाई नातवाला घेऊन बाहेर आली. त्याच्या मानेवरचं गजकर्ण उजेडात बघत होती.

सासरी कस्तुरानं सांगितलं नाही. सांगणं शक्यच नव्हतं. मुलाच्या गजकर्णाचं मलम आणायच्या निमित्तानं ती सहा महिन्यांतून एकदा यायची. गजकर्ण बरं झाल्यावर खरूज सांगायची, मग उगाच घामोळं. दोन तास रांगेत, थोडा वेळ आईपाशी, आणि चारच्या मोटारीनं परत.

१९४३ च्या पावसाळ्यात चतुराबाईला हिवताप आला. त्या वर्षी लढाईमुळं त्यावरचं कोयनेल मिळत नव्हतं. नवव्या दिवशी ती गेली. चुलत दीर, नणंदा, कोणी आलं नाही. डॉक्टर बेदरकरांनी आणि दवाखान्याच्या माणसांनी खांदा दिला. मेडशीला निरोप पोचला तो मोटारीच्या ड्रायव्हरकडून, पाच दिवसांनी, दवाखान्यातली पडद्यामागची बाई गेली एवढाच. कस्तुरा त्या वेळी भाकरी थापत होती. सासू समोर बसली होती. कस्तुरानं उरलेल्या भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, आणि धुणं घेऊन नदीवर गेली.

डॉक्टरांना चतुराबाईच्या जागी दुसरी बाई मिळाली नाही. पुढच्या फेरीला बाया पडद्यामागं यायला तयार होईनात. ज्या बायांना आठ-आठ वर्षं तेल टोचलं होतं त्यांच्या आकृत्या वहीत अर्ध्यावर थांबल्या, आणि त्यांच्या डागांचं पुढं काय झालं ते कोणीच लिहिलं नाही.